सळसळीखालचा श्वास

रविवार, १० मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालतो. गुडघ्याचं काय ते नीट लिही, नेहमीसारखं "बरा आहे" एवढ्यावर भागवू नकोस. मेसेज केला की तू "कागदावर लिही" म्हणतोस, म्हणून हा कागद. सोबत तीन आकृत्याही ठेवल्या आहेत.

काम असं आहे. मागच्या छोट्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंगची सोय करतोय. बाळंतपणापासून हिचं बाहेर जाणं थांबलं, पण गोष्टी वाचून देण्याची कामं येतायत, तर ती घरातूनच करावीत असं ठरलं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराच्या फटीला पट्टी लावली. घोडं अडलंय ते प्रीअँपपाशी. माइकमधून आवाज निघतो तो एवढासा, त्याला मोठं करणारी ती पेटी. विकतची आणायची सोय तू ठेवली नाहीस. लहानपणी माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न देऊन बसलास, तेव्हापासून दुसऱ्यानं जोडलेल्या वस्तूवर माझा विश्वासच बसत नाही.

तीन किट बघून ठेवलेत. पहिलं एका चिपचं. चार भाग जोडले की झालं, दिसायला अगदी गरीब. दुसरं ट्रान्सफॉर्मरचं. विटेसारखं जड, आणि आवाजाला म्हणे गोडवा येतो. तिसरं व्हॉल्व्हचं, जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचं. देखणं आहे, पण आत एवढे व्होल्ट खेळतात की रांगू घातलेलं मूल असलेल्या घरात ते नकोच. राहिली दोन. मला गोडवाबिडवा नको मामा. सगळ्यात कमी सळसळ कशात आहे तेवढं सांग. कोणी काही बोलत नसताना मागे जी बारीक सूं चालू असते ना, ती. आमच्या जुन्या पेटीत ती भयंकर आहे. गप्प जागेत काय आहे ते कळतच नाही.

बहिऱ्या माणसाला सळसळीबद्दल विचारणारा भाचा, म्हणून तू हसशील. हस. पण तू ती टेबलावरच्या ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेषेवर बघतोस आणि मी कानांनी ऐकून फसतो, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

परवा मी काय गाढवपणा केला तो ऐक. माइकला जाणारे अठ्ठेचाळीस व्होल्ट चालू, स्पीकर पूर्ण उघडे, आणि मी शहाण्यानं तशीच वायर खुपसली. असा धडाम आवाज झाला की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चप्पल न घालता खाली आले. हिच्या हातातला पेला फुटला. दुसऱ्या माइकवर रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे माझी फजिती कायमची जमा झालीय. आमच्या छोट्या बाईसाहेब तिथेच झोळीत जाग्या होत्या. त्या मात्र मजेत पंख्याकडे बघत राहिल्या. मग आईचा चेहरा दिसल्यावर रडल्या.

त्या आता पालथ्या पडतात. हसतातही छान, समोर गेलं की.

एक सहज विचारतो. तुझं आजीला कधी कळलं रे? आणि कशावरून?

उत्तर लवकर लिही. म्हणजे किटबद्दल.

तुझा भाचा


गुरुवार, २१ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं. पानभर तू चिपच्या बाजूनं भांडलायस, ते पटलं. "ट्रान्सफॉर्मर हा हौसेचा मामला आहे, सळसळ नको असेल तर गरीबच घे." घेतलं. गुडघ्याबद्दल पुन्हा "बरा आहे" लिहिलंस, ते मी लक्षात ठेवलंय.

आणि पानाच्या तळाशी तू ती एक ओळ लिहिलीस. "आईचा चेहरा दिसेपर्यंत रडल्या नाहीत, म्हणून तू मला आजीचं विचारतोयस का?"

मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि कामावर गेलो.

हो मामा. म्हणूनच.

ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकतोय. आधी धडाम. मग पेला. मग हिचं "अगं बाई". आणि मग एक रिकामी जागा, आणि त्यानंतर रडणं. आवाजाला घाबरलेलं मूल असं थांबून रडतं का? त्या रिकाम्या जागेत नुसती सूं आहे. आपल्या जुन्या पेटीची. मी कानाला हेडफोन दाबून त्या सूंच्या खाली शोधत बसतो. एखादा श्वास दचकलेला असेल, पाय झोळीला लागला असेल, काहीतरी. ऐकू येत नाही, पण नाहीच असंही म्हणता येत नाही. सळसळ आहे ना वर.

कळलं तुला, मला कमी सळसळ कशाला हवी होती? आणि किट येऊन पडलंय तरी खोकं का उघडलं नाही, तेही कळलंच असेल. ही सळसळ आहे तोवर मी म्हणू शकतो की तिच्याखाली श्वास दचकला होता. ती गेली तर म्हणायला काही उरत नाही.

हिला मी काहीच बोललेलो नाही. तिचं सगळं आयुष्य आवाजाचं. संध्याकाळी बाळाला घेऊन बसते आणि दिवसभर वाचलेल्या गोष्टी पुन्हा तिला सांगते, वेगवेगळे आवाज काढून, कोल्ह्याचा वेगळा आणि सशाचा वेगळा. मी दाराआडून बघतो आणि तिथून निघून जातो. किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी चोरासारखा बाळाच्या मागे उभा राहून तो वाजवतो. एकदा बाळ वळलं. मला इतका आनंद झाला की मी रडलोच. मग पाहिलं तर माझी सावली तिच्या चादरीवर पडली होती.

आता जे लिहितो त्याबद्दल मला काय वाटेल ते बोल. मी घाबरलोय, की ती तुझ्यासारखी असेल. हे तुलाच लिहावं लागतंय याची लाज वाटते. तू माझा सगळ्यात लाडका माणूस, आणि माझी मुलगी तुझ्यासारखी असेल म्हणून माझी झोप उडालीय. पण मी तुला लग्नाच्या पंगतीत बसलेला पाहिलाय मामा. सगळे हसतात, तू माझ्या आईची बाही ओढून विचारतोस काय झालं, आणि कोणीतरी हातानंच खूण करतं, नंतर सांगतो. तू मान हलवून उगाच हसतोस. मला त्या हसण्याची भीती वाटते. ते तिच्या तोंडावर मला बघवणार नाही.

आजीला कसं कळलं ते तू लिहिलंच नाहीस. लिहू नकोस. किंवा लिही.

तुझा भाचा


शनिवार, ६ एप्रिल

प्रिय मामा,

प्रीअँप जोडून झाला. तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी सगळ्या सांध्यांवर भिंग फिरवलं, एक कच्चा निघाला. चालू केला आणि हेडफोन घातले. सूं नाहीच. मला वाटलं, पेटी मेली. मग पलीकडच्या खोलीत हिनं पान उलटलं ते ऐकू आलं. तू जिंकलास.

बाळ गादीवर पडून आपली बोटं बघत होतं. मी माइक तिच्या तोंडाजवळ आणला. श्वास असा ऐकू येत होता की जणू माझ्याच कानात कोणी झोपलंय. मग मी तिच्या मागे हात नेऊन स्टीलचं ताट फरशीवर टाकलं.

श्वास तसाच चालू राहिला मामा. आत, बाहेर, आत, बाहेर. ताट गोल फिरून फिरून थांबलं, तरी त्याला काही खबर नव्हती. आता खाली शोधायला काहीच उरलं नव्हतं.

हेडफोन काढून वळलो तर ही दारात. मला वाटलं आता ओरडेल, लेकराजवळ ताटं कसली आपटतोस म्हणून. ती आत येऊन खाली बसली. म्हणाली, "मी पातेल्यानं केलं होतं. तू कामावर गेलास की रोज करते."

केव्हापासून, तेही तिनंच सांगितलं. मी धडाम केलं त्याच्याही आधीपासून. त्या दिवशी पेला तिच्या हातून आवाजानं नाही पडला, बाळाकडे बघून पडला. एकाच घरात दोघं, मी किल्ल्या लपवतोय आणि ही पातेली. मी म्हटलं, मग रोज संध्याकाळी गोष्टी कुणाला सांगतेस? तर म्हणाली, तू दाराआडून नीट बघितलंच नाहीस. ती बाळाला छातीवर पालथं घालते आणि मग सांगते. कोल्ह्याच्या जाड आवाजाला बाळ बोटं पसरतं. सशाच्या बारीक आवाजाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाळाला झोपवून डोक्याला तारा चिकटवतात, कानात टिकटिक सोडतात आणि मेंदू काय उत्तर देतो ते पडद्यावर बघतात. मामा, तिथे हिरवी रेषाच होती. तुझ्या टेबलावर असते तशीच. डॉक्टर काही बोलण्याआधी मी ती वाचली, वाचायला तूच शिकवलीस. टिकटिक वाढवत नेली तरी ती सपाट. दोन्ही कानांची.

आता कानांत मशीन बसवून बघायचं, पुढे कदाचित ऑपरेशन, त्यानं किती येईल ते आज सांगता येत नाही म्हणतात. करू सगळं. ही डॉक्टरांना भराभर प्रश्न विचारत होती, मी बाळाचा मोजा हातात धरून उभा होतो. घरी आल्यावर ती मागच्या खोलीत गेली, दार लावलं आणि ठरलेली गोष्ट वाचून रेकॉर्ड केली. एकदाही अडखळली नाही. तुझ्या पेटीत तिचे सगळे श्वास आले आहेत. ते काढायचं माझं काम होतं, मी तसेच ठेवले.

माझी भीती गेली असेल असं समजू नकोस. उलट आता ती रीतसर झालीय, रस्त्यावरच्या गाड्यांची भीती, शाळेची भीती, आम्ही दोघं म्हातारे झाल्यावरची भीती. पण सगळ्यात मोठी त्या पंगतीची आहे. आणि त्यावर डॉक्टरांकडे काही नाही. ते तुझ्याकडे आहे.

आई असेपर्यंत तुमचं दोघांचं हातांनी सगळं बोलणं व्हायचं, भांडणंसुद्धा. मी शेजारी बसून बघायचो आणि खेळायला पळायचो. आई गेल्यावर आपण कागदावर आलो. मला तुझ्या हातांची बोली येते किती, तर पाणी, जेवण, ये, थांब आणि गप्प बस. मी काल बोटांवर मोजली. एवढ्यावर बाप होता येत नाही.

म्हणून तू ये. गुडघा बरा नसेल तर मी न्यायला येतो, "बरा आहे" लिहू नकोस. आमच्याकडे राहा. आधी हिला शिकव, ती पटकन शिकेल. मग मला. माझे हात कापतात सध्या, तुला ते वाचायला जड जाईल, पण तू मला सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलंस तेव्हाही कापतच होते.

बाईसाहेबांना सांगायच्या गोष्टी खूप साठल्यात. त्यातली एकही "नंतर सांगतो" म्हणून राहायला नको.

तुझी वाट बघणारा, घाबरलेला,
तुझा भाचा आणि तिचा बाप