जरगुनाचा वाडगा परत करायचाय

तीर्थस्वरूप शैलजामावशीस,

अमेरिकेतल्या नोव्हायहून प्रतिमाचा वाकून नमस्कार (जमेल तितकंच वाकले, पोटात पुलाव आहे). तुझा गुडघा काय म्हणतोय? निवृत्तीनंतर कुणालाही गणित शिकवणार नाही ही शपथ अजून पाळते आहेस, की भाजीवाल्याला अपूर्णांक समजावतेस?

इकडे मी मोठ्या धामधुमीत आहे. समोरच्या अपार्टमेंटमध्ये जरगुना नावाची अफगाण बाई नवरा-मुलांसह राहायला आली. काबूलला शाळेत भाषा शिकवायची; राजवट बदलली, नोकरी गेली, देश सुटला, आता इथे दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. तिचं हिंदी आपल्या टीव्ही मालिकांतून आलेलं, त्यामुळे ती नुसती कोथिंबीर मागायला आली तरी मला वाटतं, आता कुणाचं तरी कारस्थान उघडकीला येणार. आल्या आल्या तिने निळ्या नक्षीच्या वाडग्यातून बोलानी दिल्या (बटाट्याचे पराठेच, पण अर्ध्यावर दुमडलेले). भांडं रिकामं परत करू नये हे तूच शिकवलंस, म्हणून मी चिवडा भरून दिला. तिच्या आईनेही तिला नेमकं हेच शिकवलंय, हे मला काय ठाऊक? तोच वाडगा फिरनी (तांदळाची घट्ट खीर) घेऊन आला. मी लाडू दिले, तर गाजर-मनुकांचा पुलाव आला. तुझ्या जावयाच्या, यतीनच्या, पँटी आता कपाटातच शोभतात. कुश म्हणतो, "आई, जस्ट से थँक यू अँड स्टॉप." मग मी शक्कल लढवली. दह्याच्या रिकाम्या डब्यातून खिचडी दिली आणि डबा फेकून दे म्हणाले. तिने तो घासूनपुसून अक्रोड भरून परत आणला.

परवा पुन्हा बोलानी आल्या आणि मी शरण गेले. तिला चहाला बसवलं आणि म्हटलं, बाई, तुला खरंच काय हवंय ते एकदाच सांग, मी वाडग्यात तेच घालते. तिने मागितलं ते वाडग्यात मावणारं नव्हतं. असो, चहा मात्र छान झाला होता.

तुझी वजनदार भाची,
प्रतिमा

ता.क. जरगुनाने तिच्या भाचीचं नाव सांगितलं. मरवा, काबूललाच आहे. तिथे सहावीनंतर मुलींना शाळा बंद, त्यामुळे वर्गात पहिली येऊन घरी बसलीय. चुलतभावाच्या पुस्तकातून बीजगणित करते आणि उणे गुणिले उणे अधिक का, इथे अडलीय. मी आणि यतीन दोघं इंजिनियर, पण 'तसंच असतं' याच्यापुढे आम्हाला जाता आलं नाही. गणिताची कुणी बाई ओळखीची आहे का, एवढंच जरगुनाने विचारलं. मला रडू आलं, मावशी, आणि मी हो म्हणून बसले. मरवालाही मालिकांचं हिंदी येतं. तुझ्या आणि तिच्या घड्याळात तासाभराचाच फरक. फोनवर शिकवायचं आणि बाहेर कुणाकडे बोलायचं नाही, कळलं तर तिच्या घरच्यांवर बेतेल.

आणखी एक. शपथेचं मी तिकडे सांगितलेलं नाही. फोनवरून कान पिळता येत नाही, तेवढं सोसून घे. मरवाने आधीच विचारून ठेवलंय, की चूक झाली तर बाई शिकवणं बंद तर करणार नाहीत ना?

वाडगा धुऊन ओट्यावर ठेवलाय. रिकामाच परत देऊ का, ते कळव.