आनंदनगरचा गाळा आणि बाळाजीचा कान

मी, राजेंद्र शंकरराव भालेराव, वय ६९, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदयाला दोन स्टेंट आहेत, डोके मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. उलट मुलाने लिहू नका असेच सांगितले. २०१७ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. शिरगावचा फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो आणि बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी यशोधरा हिला. पुढे काय करायचे ते ती ठरवील. मला विचारून तिने आजवरही काही केलेले नाही.

२. मोजमापाची हत्यारे मुलगा सुजित याला. त्यांत एक मायक्रोमीटर कमी भरेल. तो शेजारच्या गाळ्यातील महेशरावांनी नऊ वर्षांपूर्वी नेला. तो मागू नये, आणि त्यांना दुसरे काही देऊही नये.

३. आता अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतील गाळ्याचा भाडेपट्टा, यंत्रे आणि धंदा. आधीच्या मृत्युपत्रात हे सगळे सुजितच्या नावे होते. बदल का केला ते लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक भलतेच बोलतील.

आम्ही साबण आणि रसायने ढवळण्याचे मिक्सर बनवतो. कुळगावचा बाळाजी गायकर बावीस वर्षे माझ्याकडे लेथवर होता. २०१८ मध्ये त्याचे हात थरथरू लागले. माप चुकू लागले, तेव्हा मी त्याला हिशेब देऊन घरी पाठवले. त्याने डबा उचलला आणि गेला.

त्याच सुमारास संजीवनी पवार आमच्या ऑफिसात फोन घ्यायला लागली. आधी ती उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कापडदुकानात होती. कोणाचे मशीन केव्हा अडले, कशाने अडले, हे ती वहीत लिहून ठेवी. मी म्हणायचो, "आपण मशीन विकतो, बडबड नाही." ती म्हणायची, "सर, माल एकदाच विकला जातो. गिऱ्हाईक परत परत येतं."

२०२१ मध्ये केनियातील मोंबासाच्या साबण कारखान्यातला आमचा मिक्सर बंद पडला. जहाजाने सुटा भाग जायला महिना लागला असता, आणि ते तोवर दुसऱ्याचे मशीन घेणार होते. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात आलो तर बाळाजी ऑफिसात बसलेला, कानाला फोन. मी संजीवनीला बाहेर बोलावून विचारले, "काढलेला माणूस कोणाला विचारून आणलास?"

"कोणालाच नाही," ती म्हणाली. "हात थरथरतात त्यांचे. कान चांगला आहे."

तिकडचा सुपरवायझर कच्छी, हिंदी जाणणारा. बाळाजीने त्याला फोन गिअरबॉक्सला टेकवायला लावला. डोळे मिटून ऐकले. मग म्हणाला, "बेअरिंग को हाथ मत लगा. नीचे का फाउंडेशन बोल्ट ढीला है, शाफ्ट तिरछा चलता है." पाऊण तासाने पलीकडून मशीनचा सरळ आवाज आला. मी दारातच उभा होतो. आमच्या गाळ्यातून त्या दिवशी एक नटही बाहेर गेला नव्हता, तरी मोंबासात साबण तयार होऊ लागला.

त्यांनी पुढे तीन मिक्सर घेतले, देखभालीच्या लेखी कराराने. पाठोपाठ नैरोबी, मग मस्कत. बाळाजी तेव्हापासून फोनवरच्या कामाला परत आला. आज निम्म्याहून अधिक उत्पन्न मशीन विकल्यानंतरच्या कामाचे आहे. ते काम संजीवनीने उभे केले, आणि मी तिला दोन वर्षे स्वतंत्र टेबलही दिले नव्हते.

म्हणून भाडेपट्टा, यंत्रे आणि धंदा या सगळ्यांचा साठ टक्के हिस्सा सुजितला आणि चाळीस टक्के संजीवनी पवार हिला. सुजित म्हणाला, "पप्पा, ती स्टाफ आहे." असेल. धंदा कशावर चालतो हे तिला माझ्या आधी कळले.

४. सुजितचे म्हणणे, मशीन बाहेरून बनवून घ्यावे, आपण फक्त सर्व्हिस द्यावी. मी त्याला अडवत नाही. जग तिकडेच चालले आहे, आणि मी उशिरा पाहिले. पण एक अट घालतो. किमान एक लेथ गाळ्यात चालू राहावा, आणि जो कोणी फोनवर बसेल त्याने आधी वर्षभर त्यावर काम करावे. बाळाजीचा कान फोनवर तयार झालेला नाही. बावीस वर्षे लोखंड कापताना तयार झाला आहे.

५. बाळाजीला इच्छा असेल तोवर कामावर ठेवावे, पूर्ण पगारावर.

त्याची माफी मागण्याचे काम या कागदावर सोपवणार होतो. तसे लिहिलेही होते. मग वाटले, ही काही वारसांनी फेडायची गोष्ट नाही. काल सकाळी कुळगावला त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाळाजी, तुला काढलं ते चुकलं माझं. तुझ्याशी धड बोललोही नाही."

त्याने माझ्यापुढे खुर्ची ओढली. मग म्हणाला, "शेठ, काम सुटल्याचं घरी सांगायला मला आठ दिवस लागले. रोज डबा घेऊन निघायचो, आन् स्टेशनवर बसायचो."

हे मला माहीत नव्हते. मी मेल्यावर तर कधीच कळले नसते. आधीचे ते कलम खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे. साक्षीदारांचे निवेदन : आम्हां दोघांच्या समोर राजेंद्ररावांनी सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही.

ठिकाण : बदलापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सही : राजेंद्र शंकरराव भालेराव

साक्षीदार :
१. डॉ. राजसी पुष्कर वैद्य, कुळगाव
२. जितेश नारायण शेलार, शिरगाव