तीन कुळांचा मासा

अहमदपूर,
बुधवार

प्रिय वर्षाराणी,

तुझ्या सत्काराची पत्रिका मिळाली. कॉलेजचा शिपाई मलप्पा स्वतः घरी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "म्याडम, आपली पोरगी लई मोठी झाली बगा. हार तुमच्याच हातनं पायजे म्हणली, न्हाईतर येतच न्हाई म्हणं." मी हाव म्हणाले, त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर पत्रिका फ्रिजवर पालथी घालून ठेवली. रविवारी त्या मंचावर यायचं की नाही, हे तीन दिवस झाले माझं ठरत नाहीये. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "मॅडम, तुमच्यामुळंच" एवढं एकच तुणतुणं लावतेस. म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटतो, आणि तो थोडाथोडका नाही. तू दीड महिना जहाजावर राहिलीस, हजार मीटर खोलातून वर आलेल्या जाळ्यात हात घातलास, तेव्हाचा तुझा फोटो पेपरात आला होता. माझ्या सुनेनं, पुनमनं, तो कौतुकानं कापून ठेवला. सगळं घर "काय पोरगी आहे" म्हणत होतं आणि मी म्हणाले, ते हेल्मेट तिला शोभत नाही. साठी उलटली, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पोटात दुखायचं राहत नाही बघ. शिकवणाऱ्या बाईनं विद्यार्थिनीवर जळावं याची लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून जळणं थांबतं असं कुठंय?

तुला कधी सांगितलं नाही, पण कोचीच्या त्या समुद्री संशोधन संस्थेत तुझ्या आधी मी गेले होते. सन अठ्ठ्याऐंशी. नांदेडला एम.एस्सी. झालेली, उमरीसारख्या गावातली, तोवर समुद्र फक्त नकाशात पाहिलेली मुलगी. तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. काम काय, तर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि जुन्या याद्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढायच्या. त्या याद्यांत तुझे हे खोल समुद्रातले व्हेलफिश होते. तेव्हा ती तीन वेगळी कुळं. एका कुळातले इवलेसे, वरच्या पाण्यात राहणारे, मागं लांबलचक फितीसारखी शेपटी ओढत जाणारे. दुसऱ्यातले बोटभर लांबीचे, मोठ्ठ्या नाकाचे. तिसऱ्यातले लालबुंद, प्रचंड तोंडाचे, डोळे असून नसल्यासारखे. उतरवता उतरवता माझ्या ध्यानात आलं, की नाकवाल्यांच्या रकान्यात खालपर्यंत नुसते नरच आहेत आणि लाल तोंडाळांच्या रकान्यात नुसत्या माद्याच. फितीवाली तर सगळीच पिल्लं. मी माझ्या वहीत एक ओळ लिहिली, "यांच्या माद्या कुठं, त्यांचे नर कुठं, आणि ही लेकरं नेमकी कुणाची?"

एवढंच. कुणाला विचारलं नाही. तिथले सगळे सर इंग्रजीत हसायचे, मला भीती वाटायची. मग घरून पत्र आलं. इथल्या कॉलेजात नोकरी लागली होती आणि आप्पासाहेबांचं स्थळही आलं होतं. माणूस चांगला. लग्नानंतर मी कोचीचं नाव काढलं की म्हणायचे, "समुद्र कुठं पळून चाललाय का? जाऊ की पुन्हा." समुद्र पळून गेला नाही, आम्हीच गेलो नाही. पुढं दरवर्षी मी फळ्यावर तीन चौकोन काढले, तीन कुळांची नावं लिहिली आणि पोरांनी ती उतरवून घेतली.

त्या नाकवाल्या नराचं तूच मला नंतर समजावलंस. मोठा होताना त्याचं तोंड कायमचं निकामी होतं, जठरही नाहीसं होतं. लहानपणी खाऊन जे यकृत भरून ठेवलं, त्याच्यावरच उरलेलं आयुष्य काढायचं. तू उत्साहानं सांगत होतीस आणि मला माझी कोची आठवत होती. तीन महिन्यांच्या शिदोरीवर मी सगळी नोकरी काढली.

आता तुझ्या तोंडी परीक्षेचं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, दोन हजार दहा. नांदेडहून आलेले परीक्षक माझ्या शेजारी बसले होते. मी तुला व्हेलफिशची कुळं विचारली. तू देवणीकडची काळीसावळी पोर, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणालीस, "मॅडम, तीन न्हाईत. एकच हाय. येक लेकरू, येक नर आन् येक मादी." लातूरच्या वाचनालयात कुठल्याशा मासिकात वाचलं म्हणालीस. परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, पुस्तकात तीन आहेत. तुझे दोन गुण गेले आणि विद्यापीठाचं सुवर्णपदक एका गुणानं हुकलं. निकालानंतर तू वडिलांना घेऊन पेढे द्यायला आलीस. व्यंकटीभाऊ उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभे होते. तू म्हणालीस, "माझंच चुकलं आसंल मॅडम, बुकात तीनच हायत."

आणि आता तू प्रत्येक सत्कारात हीच गोष्ट सांगतेस. उदगीरच्या भाषणाचा व्हिडिओ मी सहा वेळा पाहिलाय. "मॅडमला कसं म्हाईत असणार? पुस्तक जुनं, तालुक्याचं गाव. पण त्या दोन गुणांनीच मला खरं शोधायला लावलं." लोक टाळ्या वाजवतात. तू किती मोठ्या मनाची, आणि मी किती भोळी, बिचारी, अडाणी बाई! दर वेळी तो व्हिडिओ बंद करताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

वर्षाराणी, मला माहीत होतं. तुझ्या परीक्षेच्या वर्षभर आधी, स्टाफरूममधल्या इंग्रजी पेपरात ती बातमी आली होती. परदेशातल्या कुणीतरी सिद्ध केलं होतं, की तिन्ही मिळून एकच कुळ. एकवीस वर्षांपूर्वीचा माझा प्रश्न बरोबर होता. कुणी वाचायच्या आत मी ती बातमी कापून घेतली, त्या वहीत ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. मग तू आलीस आणि जे विचारायला माझी जीभ उचलली नव्हती, त्याचं उत्तर फाडकन माझ्या तोंडावर सांगितलंस. मला ते सोसवलं नाही. पुस्तकाचा आडोसा घेऊन मी तुझे गुण कापले. सोबत वहीचं पान आणि ते कात्रण पाठवतेय, दोन्हींवरची तारीख बघ. हे वाचून हार दुसऱ्या कुणाच्या हातून घ्यावासा वाटला तर मलप्पाकडं निरोप दे, मी घरी बसेन. बोलावलंस तर येईन. पण मंचावर ती गोष्ट सांगणार असशील तर खरी सांग. मॅडम जळाली म्हण, मॅडमनं पाप केलं म्हण, सगळ्या अहमदपूरसमोर म्हण. फक्त मॅडमला माहीत नव्हतं, असं पुन्हा म्हणू नकोस.

तुझीच,
राजकन्या मॅडम