माणूस बाहेर गेला की झाडू नये

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज परत झाडलं! नवरा ट्रेलर घेऊन गोव्याला निघाला, अजून रोडपालीच्या सिग्नलला पण पोचला नसेल – आणि सुनेच्या हातात झाडू! मी ओरडले, "स्नेहल, माणूस प्रवासाला गेला की लगेच झाडत नाहीत! पोचला की झाडायचं." तर म्हणते, "आई, बाबांची गाडी ब्रेकवर थांबते, आपल्या कचऱ्यावर नाही."

बँकेत आहे ना. प्रत्येक वाक्याला व्याज लावते.

मग माझी छाती धडधड. डॉक्टर म्हणालाय, धडधडलं की लिहा. चौथी शिकलेल्या बाईला! म्हणून आधी फोन लावला. नवरा पळस्प्याला. "अगो रंभा, मी गाडी चालवू का तुजा फोन उचलू?"

मग उचललास कशाला? आता एका हाताने चालवत असणार. आणखी धडधड.

बुधवार, १३

पोचला. झाडलं.

शुक्रवार, १५

परत डॉक्टर. म्हणे फोन कमी करा, श्वास लांब घ्या. आणि छातीची एक तपासणी मुंबईला करून घ्या. "घाबरू नका हं." असं सांगितल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय नाचणार?

रविवार, १७

शेजारच्या सोनाबाईने खिडकीखालीच बोंबील वाळत घातलेत. लांब श्वास घेतला. एकच घेतला.

मंगळवार, १९

नवरा परत गोव्याला. या वेळी मी झाडू आधीच दिवाणात टाकला आणि वर बसले. स्नेहल सगळीकडे शोधतेय. "आई, झाडू?" – "मला काय माहीत!" – "उठा बघू जरा." – "गुडघा दुखतोय."

मग आमच्या हितेशला सांगते, "आपल्या घरात फरशी दिसली की समजायचं, बाबा पोचले." तो गाढव बायकोच्या विनोदाला खो खो हसला. मी पण हसले. स्वयंपाकघरात जाऊन. तिच्यासमोर कशाला?

गुरुवार, २१

उद्या तपासणी. हितेश नेणार. स्नेहलने सुटी टाकली, म्हणे घर साफ करायचंय. करू दे. मी कुठे असणार आहे बघायला.

मला काय धाड भरलीय! घरातल्या सगळ्यांची काळजी करताना दिवस पुरत नाही, स्वतःची कधी करू? देवाला मात्र दोनदा नमस्कार केला.

शुक्रवार, २२

हृदय ठणठणीत. मोबाईल आत नेऊ दिला नाही, बंद करून ठेवला, नंतर चालू करायचा राहिला. हितेशचा चार्जिंग संपून बंद.

घरी आले तर स्नेहल दारातच. "फोन का लागत नव्हता, आई? एक कळवायचं नाही?" – माझ्यावर ओरडली!

आत बघते तर सकाळी मी निवडलेल्या मेथीच्या काड्या फरशीवर तशाच. चपातीचं सांडलेलं पीठ तसंच. माझे दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत आले, मग तिने झाडू उचलला.