डोळ्यांच्या बसचा रिटार्डर

सोमवार, ६ जानेवारी. हुमनाबाद

आज पुन्हा रिटार्डर लागला नाही. गॅरेजच्या आवारात मी बस फिरवली तेव्हा दर वेळी लागला. खाणीजवळच्या उतारावर ड्रायव्हर मैनुचाचांनी दांडी ओढली, तर काही नाही.

वजन हीच अडचण. जुनी लांब पल्ल्याची बस. सीटा काढून डॉक्टर अक्कांसाठी आत डोळे तपासायचा दवाखाना केला. पाण्याची टाकी, जनरेटर, यंत्रं. नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापतात आणि धक्क्यानं यंत्रं हलतात. म्हणून रिटार्डर (यापुढे रि.) हवाच. तो गिअरबॉक्सच्या पाठीला असतो. दांडी ओढली की आतलं तेल फिरत्या पात्याला अडवतं, ब्रेक न दाबता बस मंद होते. समोर पिवळा दिवा लागतो.

तो दिवा उतारावर लागत नाही. आणि वायरिंगचे चौदा जोड माझे आहेत.

रविवारी १९ ला पहिलं शिबिर, चिंताकीला.

मंगळवार, ७ जानेवारी

चौदाही जोड उघडले. एकेक ओढून पाहिला, मीटर लावला, परत बांधला. सगळे ठीक. गिअरबॉक्सचं तेल थंड असताना मोजलं, गरम झाल्यावर मोजलं. ठीक.

गॅरेजचे बसप्पा मेस्त्री चहा घेऊन शेजारी येऊन बसले. "शिव्या, तू जोड तपासायलास का पूजा मांडायलास?" हसले, पण मग स्वतःही खाली घुसले. बाहेर आल्यावर फक्त "हं" म्हणाले. मेस्त्रींचं "हं" म्हणजे पसंती.

बुधवार, ८ जानेवारी

अक्का आल्या होत्या. "जोड कोणी दिलेत?"

मेस्त्री म्हणाले, "आमच्या शिवराजनं."

"मग दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. नाहीतर ते यंत्रच काढून टाका."

मी पान्ह्याकडे बघत राहिलो. मेस्त्री म्हणाले, "अक्का, मी बघितलेत. जोड त्याचेच राहतील." एवढंच. आवाजही चढवला नाही. असं माझ्यासाठी याआधी कोणी...

चाचाही संध्याकाळी म्हणाले, "बेटा, तेरा काम पक्का है. मशीनच नाराज है." चाचांना माझ्या वयाच्या दुप्पट वर्षांचा अनुभव. चप्पल पायरीवर काढून अनवाणी बसतात, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतात. परवा नुसत्या आवाजावरून इंजिनाचा कोणता इंजेक्टर कमी डिझेल फेकतो ते सांगितलं. उघडला, तर तोच.

गुरुवार, ९ जानेवारी

सापडलं.

ॲक्सिलेटरच्या वायरला मीटर लावून चाचांच्या शेजारच्या आसनावर बसलो. उतार आला, चाचांनी दांडी ओढली, मीटरचा आकडा खाली येऊन शून्याच्या थोडा वर अडकला. शून्याला गेलाच नाही. मला वाटलं पेडल खराब. खाली पाहिलं.

चाचांच्या पायाचा अंगठा पेडलवर होता. दाब म्हणावा असा नाहीच. झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसा.

पेडल पूर्ण सुटल्याशिवाय रि. लागत नाही. त्याला वाटतं ड्रायव्हरला अजून पळायचं आहे. रि.च्या पुस्तकात ती ओळ आहे, मी तिच्याखाली रेघही मारली होती. पण शोधत बसलो वायरीत. पायाकडे कोणी बघत नाही. ब्रेक मारताना पेडल सुटतं, पण दिवा लागला नाही की चाचा दांडी आधीच परत ढकलतात, म्हणून तेव्हाही कळलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

मेस्त्रींना सांगितलं. टायरवर बसून पोट धरून हसले. मग सांगायला लागले.

चाचांच्या पहिल्या लॉरीचं इंजिन पाय काढला की बंद पडायचं. एकदा लॉरी भरलेली असताना, उतारावरच बंद पडलं. ती कशी थांबवली ते मेस्त्रींनी सांगितलं नाही. "त्या दिसापासून अंगठा उचलला न्हाई त्यानं. बोटानं इंजिनाची नाडी बघतो म्हन."

"तुम्ही सांगा ना."

"मी स्टिअरिंग त्याच्याकडं शिकलोय. न्हाई सांगणार. तू सापडवलास, तू सांग."

शनिवार, ११ जानेवारी

वाक्य कागदावर तीनदा लिहून पाठ केलं. ऐन वेळी निम्मंच आलं. "चाचा, वायर ठीक आहे. तुमचा अंगठा."

चाचा आपल्या पायाकडे बघत राहिले, तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं.

"कल मालूम हुआ?"

"परवा."

"मग कामून बोलला न्हाईस? डर लगा?"

"व्हय."

"मेरेसे डरता, वायरसे नहीं डरता," म्हणाले, आणि चप्पल न घालताच चहाच्या टपरीकडे गेले.

सोमवार, १३ जानेवारी

अक्का आल्या. "मग कोणता जोड खराब निघाला?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो मलाच माहीत नाही. कदाचित माझाच एखादा जोड पुढे केला असता. त्याआधीच चाचा बोलले.

"जोड सब अच्छे हैं, अक्का. पांव मेरा था."

सगळ्या गॅरेजसमोर. वेल्डिंगवालाही थांबला होता. इतकी वर्षं ज्या पायावर माणसानं भाकर मिळवली, त्याच्याबद्दल हे असं सरळ सांगता येतं, हे मला आज कळलं. मला आलं नसतं.

अक्का म्हणाल्या, "चाचा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण बसमध्ये माझी माणसं असणार. शनिवारी मी स्वतः मागं बसते. रि. लागला तर रविवारी तुम्ही. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

"बराबर है," चाचा म्हणाले.

बुधवार, १५ जानेवारी

सराव. पाच वेळा उतरलो, एकदा लागला. बस काय सुंदर मंद झाली! बैलाचा कासरा हळूच ओढावा तशी. माझ्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली पालथी झाली नाही. चाचा मात्र दचकले. म्हणाले, "इंजिन मर गया क्या?" नाही चाचा, हेच रि.चं काम. पुढच्या वेळी अंगठा परत खाली.

मी अंगठा वर धरायला पट्टी बांधू का विचारलं. रागावले. "जनावर हूं क्या, बांधायलास?" चुकलंच माझं.

शुक्रवार, १७ जानेवारी

उताराच्या माथ्यावर, बसच्या पायरीवर बसून लिहितो आहे. उद्या अक्का येणार.

सकाळपासून सात फेऱ्या. चार वेळा लागला, तीन वेळा नाही. न लागलेल्या तीनही वेळा चाचांना मी सांगायच्या आधीच कळलं. स्वतःशीच म्हणाले, "फिर गया, देखो." मेस्त्री खाली वळणावर उभे आहेत. हात हलवून विचारतात, पुरे का? मी चाचांकडे पाहिलं.

चाचा पाणी प्याले. त्यांनी पाय धुतले, कोरडे केले.

"और एक बार, बेटा. इस बार तू नीचे मत देख. बाहेर बघ."

वही मिटतो; या वेळी बाहेरच बघणार. निघालो.