लेकीचा पूल नीट दिसावा म्हणून

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाओजींचा खोकला? (थांबला असेल तर तसंही कळव, इथे उगाच काळजी चालू राहते.) आम्ही मजेत. फक्त घरात टीव्ही फार आणि जागा कमी झाली आहे.

त्याचं असं झालं. तुझी भाची पुलाच्या कामावर वेल्डर आहे हे तू भेटेल त्याला सांगतेसच. त्या पुलाचा शेवटचा सांधा जोडला तेव्हा कंपनीने भारीतल्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला आणि लेकीने तो मला फोनवर पाठवला. "बाबा, फोर-के आहे, नीट बघा," म्हणाली. आता नीट म्हणजे कसं, हे चाळीस वर्षं लोकांचे नळ जोडलेला माणूस दुसऱ्याला विचारणार होय? भिंतीएवढा फोर-के टीव्ही घेऊनच आलो. (तुझी भावजय दोन दिवस बोलली नाही. त्या शांततेत माझं टीव्हीचं माहितीपुस्तक वाचून झालं.)

व्हिडिओ लावला तर पूल कुठला आणि नदी कुठली, कळेना! दुकानात जाऊन तणतणलो. दुकानातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, मेसेजमधून आलेला व्हिडिओ येता येता दाबला जातो. मूळ फाइल मागवा." लेकीने ती ऑनलाइन ठेवली. मग चित्र अडखळायला लागलं, कारण टीव्हीला जोडलेल्या इंटरनेटच्या जुन्या बॉक्सला ते पेलेना. नवा बॉक्स आणला, तर जुनी केबल आडवी आली. केबल बदलली, तर वायफाय दोन भिंतींपलीकडून थेंब थेंब येत होतं. शेवटी मी स्वतः इंटरनेटची वायर हॉलपर्यंत ओढली. (एकही खिळा वाकडा नाही, येऊन बघ.) पडदा, बॉक्स, केबल, नेट आणि मूळ व्हिडिओ, या पाचांत जो सगळ्यात कच्चा, त्याच्याच लायकीचं चित्र दिसतं, हे आता मी जिन्यात भेटेल त्याला समजावतो. लोक हल्ली लिफ्टने जातात.

रविवारी अख्खा मजला बोलावला. पडद्यावर ठिणग्यांचा पाऊस आणि त्यात हेल्मेट घातलेली एक आकृती! मी उठून बोट ठेवलं, "ही आमची!" टाळ्या पडल्या. समोरचे मास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, ते म्हणाले, "खांदे अगदी तुमच्यावर गेलेत." ताई, सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं.

सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. टीव्हीला जागा करताना आईचं कपाट जिन्यात काढावं लागलं. ते तुझ्या मागच्या खोलीत ठेवशील का? सावकाश विचार कर. हे पत्र तुला देईल तो टेम्पोवालाच आहे.

ता. क. २ आत्ताच लेकीचा फोन आला. हेल्मेटमधली ती नव्हेच, तो तिचा मुकादम. मिशीवाला. व्हिडिओत ती कुठेच नाही. मी टाळ्यांचं सांगून टाकलं. तेव्हा म्हणाली, "बाबा, मधे दोन मिनिटं नुसता सांधा दाखवलाय ना जवळून, तो माझा." ती दोन मिनिटं, ताई, मी सगळ्यांसमोर रिमोटने पुढे पळवली होती! आता लावली. सांध्यावरची वेल्डिंगची एकेक लहर मोजता येते, सगळ्या एकसारख्या, कुठे हात थरथरलेला नाही. तुझ्या भावजयीने पडद्यापाशी जाऊन त्यावरून बोट फिरवलं, चष्मा पुसला, आणि टीव्ही आल्यापासून पहिल्यांदाच म्हणाली, "पुन्हा लाव."