वहीत नसलेलं माप

अब्बा, आज तुमची मापांची वही पुन्हा काढली. पाटणच्या दुकानातली, मेणकापडाचं वेष्टन घातलेली. एका पोराला एक पान. दर जूनला गणवेशाला आलं की त्याच पानावर उंची, छाती, कंबर. मी मिरजेत दवाखान्यात बसून रुग्णांच्या आकड्यांचं हेच करते, फक्त गळ्यात टेप नसते.

आठवतं? मी नववीत आहे. तुम्ही बटणं आणायला कराडला गेलाय, आणि ही शहाणी कात्री घेऊन बसलीय. अंग वाढलं की उसवता यावं म्हणून खाली किती माया सोडायची, हे तुम्ही पोर बघून ठरवायचात. मला तो अडाणीपणा वाटायचा. वहीतल्या सगळ्यांच्या वाढीची मी सरासरी काढली आणि बारा स्कर्ट सरसकट दोन इंच माया सोडून कापले. तुम्ही आलात, एकेक उचलून पाहिलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"लय हुशार झालीस. आता ह्या वहीत सरासरी नावाची पोरगी कुठं हाय, तेवढी दाखव मला."

मग तुम्हीच वहीची पानं उलटायला लागलात.

"ही बघ, आईवर गेलीया. दोन वर्सात ताडमाड हुईल, हिला चार इंच पायजेत. आन ही बारकी, हिला इंचभर बास."

मग आठवडाभर घरच्या कापडाच्या पट्ट्या जोडत बसलात. सुईत दोरा मी ओवून देत होते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. मधुमेहाच्या रुग्णांची मूत्रपिंडं दर तीन महिन्यांनी तपासलेली, अशी काही वर्षं. प्रश्न एवढाच, की सगळ्यांची घसरण एकाच वेगानं होते की ज्याचा त्याचा वेग वेगळा. माणसामाणसातला फरक शून्य धरून चाचणी लावली, फरक खरा की योगायोगाचा हे सांगणाऱ्या नेहमीच्या तक्त्यात उत्तर पाहिलं आणि लिहून दिलं, फरक दिसत नाही, सगळ्यांना घसरणीची एकच रेघ पुरे. त्यावरून डॉक्टर सगळ्यांनाच सहा महिन्यांनी बोलावणार होते. पण नंतर लक्षात आलं, असला फरक शून्याखाली जाऊच शकत नाही, अब्बा. शून्य म्हणजे कापडाची किनार, पलीकडे कापडच नाही. नेहमीचा तक्ता दोन्ही बाजूंना कापड आहे असं धरून चालतो, म्हणून खरा फरकही त्याच्या नजरेतून निसटतो. योग्य तक्ता लावला तर फरक निघाला. काही जण भराभर घसरत होते.

आज सकाळी जाऊन चूक कबूल केली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे ना?" माझीच होती. त्या रुग्णांना आता लवकर बोलावतील.

बाहेर आले आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं. इतकं वाटलं की जिन्याच्या पायरीवरच बसले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी चूक झाली की पहिल्यांदा तुमचीच आठवण येते. घरी येऊन वही उघडली. माझं पान बारावीपर्यंत भरलेलं आहे. तुमचं पान शोधलं. नाहीच. स्वतःचा सदरा तुम्ही जुना सदरा कापडावर ठेवून कापायचात, कुणी टेप लावलीच नाही.

हे पत्र वहीतच ठेवतेय. एक सांगायचं राहिलंय. तुमच्या कफनाचं कापड आणायला चाचा गेले होते. दुकानातून त्यांनी मला फोन केला, "अब्बांची उंची किती गं?" मला सांगता आली नाही. मागून दुकानदार म्हणाला, साधारण माणसाला लागतं तेवढं देतो.

मी बरं म्हटलं.